तेल अन् एण्णी

मोटार घेण्यात गोपाळराव मुचंडीकर वकिलांची चूक झाली, असं बेळगावात कुणीच म्हणत नव्हतं. लोकांचं म्हणणं एवढंच होतं, की चूक मोटारीची झाली. कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं कपाटं, कुत्री आणि मोटार विकायला काढली. कपाटं शहाण्यांनी नेली, कुत्री हौशी लोकांनी नेली, आणि उरलेली मोटार गोपाळरावांच्या दारात येऊन उभी राहिली. ती बहुतेक वेळ उभीच असे. घरापासून कोर्टापर्यंत ते मोटारीनं जात, आणि त्यांचा कारकून बस्ता काखेत मारून चालत निघून त्यांच्या आधी पोचत असे.

तरीही मोटारीला एक काम मिळालं. गोपाळरावांची धाकटी बहीण अंबुबाई निपाणीला असे. तिचे यजमान लवकर गेले होते, आणि एकुलत्या एक मुलीचं, पद्मजाचं, लग्न बोरगावच्या एका खात्यापित्या घरात ठरलं होतं. सुपारी फुटली त्या दिवशी कुणी भाऊबंद उगाच बोलून गेला, की बापाविना पोर, बैलगाडीतून गेली तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. गोपाळरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. ते चार माणसांत म्हणाले, "पद्मे, तुझी पाठवणी मामाच्या मोटारीतून." पोरीनं संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. हा शब्द वकिलाचा असता तर पुढची तारीख मागता आली असती, पण तो मामाचा होता.

आणि लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मोटार आतून वाजायला लागली.

गोपाळरावांच्या पत्नी सुनंदाबाई यांच्या मते आवाज फुटाणे भाजल्यासारखा होता. गोपाळरावांनी हे अज्ञान म्हणून सोडून दिलं, पण नंतर कोर्टातला पट्टेवालाही फुटाणेच म्हणाला. इंजिनातलं तेल पाहिलं तर ते काजळासारखं झालेलं. साहेब जाताना कुत्र्यांना काय घालायचं ते सविस्तर सांगून गेला होता. मोटारीला काय घालायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि गोपाळरावांनी विचारलं नव्हतं.

तेल बदलायचं आहे ही बातमी बाहेर पडायचा अवकाश, गल्लीत प्रत्येकाला मत फुटलं. समोरचे शरद मास्तर इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवत. त्यांनी एका पेल्यात मध आणि एका पेल्यात पाणी आणून ओट्यावरच प्रयोग केला आणि सिद्ध केलं, की जेवढं तेल दाट तेवढी मोटार सुखी. शेजारचे आण्णाप्पा वैद्य प्रयोग करत नसत, नाडी बघत. त्यांनी तापल्या बॉनेटवर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि पित्तप्रकोप सांगितला. पोटात आग पेटते त्याला उपाय एकच, एरंडेल. विमानात एरंडेल घालतात हे त्यांनी छापील वाचलं होतं. आणि जे आकाशात चालतं ते निपाणीच्या रस्त्याला चालणार नाही काय, असा त्यांचा सवाल होता. कोपऱ्यावरच्या घाणेवाल्या नागुबाईनं करडईचं तेल सुचवलं. आमचा घाणा तीन पिढ्या त्यावर चाललाय, एकदा तरी मिस्त्रीकडं नेला काय, म्हणाली. घाण्याला इंजिन नसून बैल आहे, हा मुद्दा तिला गौण वाटला.

गोपाळरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, निकाल राखून ठेवला, आणि मोटार घेऊन किल्ल्याजवळच्या बसाप्पा मिस्त्रीकडं गेले. सोबत शरद मास्तर होतेच. मध आणि पाण्याचे पेलेही होते.

बसाप्पा मोटारीच्या मालकाशी बोलत नसे, मोटारीशी बोलत असे, आणि तेही कानडीत, तोंडात तंबाखूचा बार भरलेला ठेवून. मालक म्हणजे मोटारीला जडलेली एक व्याधी, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे. तो मोटारीखाली शिरला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. मग काळं तेल भळभळा बाहेर आलं, आणि पायांच्या बाजूनं आवाज आला, "तेळ्ळन्न एण्णि हाक्री."

इथं गोपाळरावांच्या कानडीविषयी सांगणं भाग आहे. बेळगावच्या बारमध्ये त्यांची ख्याती अशी होती, की कानडी साक्षीदाराचा उलटतपास ते दुभाष्याशिवाय घेतात. ही ख्याती त्यांनी वीस वर्षांत 'हौदु', 'इल्ला' आणि 'मुंद हेळ' एवढ्या भांडवलावर उभी केली होती, म्हणजे 'होय', 'नाही' आणि 'पुढं सांग'. बाकीचं ते चेहऱ्यानं निभावून नेत. धंद्याच्या हिशेबानं पाहिलं तर इतक्या कमी मालावर एवढी मोठी पेढी बेळगावात दुसऱ्या कुणी चालवली नव्हती. तिथं आता मास्तरांसमोर, आणि गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या एका पक्षकारासमोर, पायांना उद्देशून 'काय म्हणालास?' असं विचारणं म्हणजे पेढीचं दिवाळं काढणं.

"हौदु," गोपाळराव म्हणाले.

समजलं ना, असं पायांनी कानडीत विचारलं. समजलं समजलं, असं गोपाळरावांनी मानेनं सांगितलं. ते पायांना दिसलं नाही, पण मास्तरांना दिसलं, आणि तेच महत्त्वाचं होतं. मग बसाप्पा बाहेर आला, हात पुसले, गॅरेजला कुलूप घातलं आणि बैलहोंगलच्या जत्रेला निघून गेला.

तेलाविना मोटार ढकलत परत येताना मास्तरांनी विचारलंच. मास्तर मूळचे सांगलीकडचे, त्यांना कानडी दगडासारखी. गोपाळरावांनी खुलासा केला, "तेल अन् एण्णी घाला म्हणाला."

मास्तर म्हणाले, "पण बाजारात तेलालाच एण्णी म्हणतात ना?"

आता ही शंका गोपाळरावांनाही आली होती. पण वकिलाला आलेली शंका आणि मास्तराला आलेली शंका यांत फरक असतो. गोपाळरावांनी त्यांना समजावलं, की कायद्यात एकही शब्द फुकट खर्च केलेला नसतो. 'तेल अन् एण्णी' असे दोन शब्द ज्या अर्थी आलेत त्या अर्थी वस्तूही दोन असणार. एण्णी हे उघडच मोटारीचं कंपनीचं तेल. आणि तेल म्हणजे आपलं देशी तेल. मिस्त्री अडाणी असेल, पण भाषा चोख वापरतो. दोन्ही घालायची.

म्हणजे देशी तेलाच्या जागी एरंडेल आलं आणि वैद्य खूश झाले. कॅम्पातल्या दुकानात कंपनीचं तेल पातळ, मध्यम की घट्ट असा प्रश्न निघाला, तिथं मधाचा पेला जिंकला आणि मास्तर खूश झाले. एकाच इंजिनात दोन शेजाऱ्यांचं समाधान करणारा माणूस गल्लीत याआधी झाला नव्हता. नागुबाईचं वाईट वाटू नये म्हणून करडईचं तेल बिजागऱ्यांना लावलं.

शकुनाचा दिवस बघून अंगणात तेल ओतण्याचा समारंभ झाला. सुनंदाबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. आधी घट्ट तेल पुरतं मापानं गेलं, मग त्यावर तेवढंच एरंडेल. इतकं कसं मावतंय, असं सुनंदाबाईंनी एकदा विचारलं. पण माहेरवाशिणीनं दोनदा वाढून घ्यावं तसं इंजिन मुकाट्यानं घेत गेलं. हँडल मारल्यावर फुटाण्यांचा आवाज साफ बंद. भरपेट जेवलेला माणूस जसा थोडा वेळ काहीच बोलत नाही, तशी ती शांतता होती. गोपाळरावांना ती औषधाचा गुण वाटली.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. मामानं मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, तेव्हा दुपारपर्यंत निपाणीत पोचलेलं बरं, म्हणून सकाळीच निघाले. पुढं गोपाळराव आणि मांडीवर पद्मजाचा शालू घेऊन सुनंदाबाई. मागं मास्तर आणि वैद्य. या दोघांना आमंत्रण होतंच, शिवाय आपापल्या तेलावर लक्ष ठेवायचं होतं. वैद्यांच्या पायाशी उरलेल्या एरंडेलाचा डबा होता. रोग्याला वाटेत लागलं तर असावा.

काकती येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. काकतीच्या पुढं मागल्या बाजूनं धूर यायला लागला. तो सुरुवातीला सौम्य होता, मग निळा झाला, आणि वंटमुरीच्या चढाला त्याला वास सुटला. हा वास ज्यानं लहानपणी एरंडेल घेतलंय त्याला मरेपर्यंत विसरता येत नाही. रस्त्यानं येणारी माणसं मोटार बघायला थांबत, आणि मोटार पुढं जाताच पोटावर हात धरून शेताकडं बघत. वैद्य म्हणाले, मळ बाहेर पडतोय, पडू द्या. संकेश्वरच्या बाजारात तर धूर एवढा झाला, की मोटार पेटली असं समजून एका परोपकारी हलवायानं कढईशेजारची घागर उचलून बॉनेटवर रिकामी केली. बॉनेटला जेमतेम चार थेंब लागले; बाकी पाणी सुनंदाबाईंना. त्यांनी शालू वर धरला म्हणून तो वाचला. त्या शांतपणे म्हणाल्या, "बघा, धुराची अंघोळ झाली, पाण्याची झाली. तेलाची तेवढी राहिली."

तवंदीच्या घाटात मोटारीनं अंग टाकलं. अर्धा चढ ती खोकत खोकत चढली, एकदा आळस दिला आणि गप्प झाली. ऊन मी म्हणत होतं. मास्तर आणि वैद्य उतरले आणि ढकलायला लागले, आणि ढकलता ढकलता भांडायला लागले. मास्तर म्हणाले, एरंडेलानं घात केला. वैद्य म्हणाले, आमचं एरंडेल बाहेर पडतंय ते दिसतंय तरी, तुमचा तो मध आत बसलाय चिकटून. गोपाळरावांनी निकाल दिला, की दोन्ही बाजूंत तथ्य आहे, जोर लावा. सुनंदाबाई शालू डोक्यावर घेऊन पुढं चालत होत्या आणि बऱ्याच पुढं गेल्या होत्या.

सूर्य कलायला लागला तेव्हा माथा आला. त्यापुढं निपाणीपर्यंत उतार. सगळे आत बसले, गोपाळरावांनी ब्रेक सोडला, आणि मोटार आवाज नाही, धूर नाही, राणीच्या मेण्यासारखी खाली वाहायला लागली. वारा लागला. खाली निपाणीची घरं दिसली, तंबाखूचा उग्र वास नाकाशी आला, आणि गोपाळरावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं.

सुनंदाबाई म्हणाल्या, "इतकी छान चालते, तर इंजिन लावताच कशाला हो?"

गोपाळरावांनी मनात हिशेब केला. हाच वेग राहिला तर मोटार तशीच गावात शिरेल, अंबूच्या गल्लीच्या तोंडाशी ब्रेक मारायचा, आणि कुणाला काही कळायच्या आत उतरायचं. हिशेबात चूक नव्हती. त्यात फक्त जकातनाका धरायचा राहिला होता.

नाक्याचा बांबू आडवा होता. मोटार थांबली, आणि थांबलेली मोटार पुन्हा सपाटीवर हलणार नव्हती. नाक्यावरचा कारकून सावकाश बाहेर आला. त्यानं वैद्यांच्या पायाशी डबा पाहिला.

"काय माल?"

"तेल."

"खायचं का जाळायचं?"

वैद्य म्हणाले, प्यायचं. मास्तर म्हणाले, खायचंही नाही आणि जाळायचंही नाही, घालायचं. कारकून म्हणाला, तक्त्यात दोनच रकाने आहेत, खायचं आणि जाळायचं. आणि मोटारीच्या मागचा अवतार बघता जाळायचं दिसतंय. आता गोपाळरावांमधला वकील जागा झाला. मोटारीत तेल जळतं असं एकदा लिहून दिलं, की मोटारीत काहीतरी चुकलं असा कबुलीजबाब झाला. त्यांनी ठाम हरकत घेतली. कारकुनानं ठाम दुर्लक्ष केलं. पश्चिमेकडं आभाळ तांबूस व्हायला लागलं. गावातून सनईचा सूर येत होता. अंबुबाईला भाऊ एकच. पोरीचा हात धरायला दुसरं कुणी नव्हतं.

एवढ्यात मागं एक बैलगाडी येऊन अडकली. येताना तिचं चाक असं रडत होतं, की सनई ऐकू येईना. नाक्याशी तर ते फिरायचंच बंद झालं. गाडीतून मुंडासं बांधलेला एक धिप्पाड माणूस उतरला. ते भावकूआप्पा, नवऱ्या मुलाचे वडील. वऱ्हाड सकाळीच पोचलं होतं. म्हाताऱ्या आत्येला आणायला ते स्वतः मागं राहिले होते, आणि कण्याला वंगण नाही म्हणून वाटेत रखडले होते. व्याह्याला बघून गोपाळरावांना मोटारीखाली जावंसं वाटलं, पण ती जागा बसाप्पासारख्या माणसांची.

भावकूआप्पांनी रामराम घातला, मोटारीला एक फेरी मारली आणि नाकाला पटका लावला. "कसलं त्याल घातलासा हो वकीलसाब?"

गोपाळरावांनी मान ताठ केली. अशा वेळी तज्ज्ञाचा पुरावा जसाच्या तसा पुढं ठेवावा. ते म्हणाले, "मिस्त्री म्हणाला तेच. तेळ्ळन्न एण्णि हाक्री."

"मग पातळ घालायचं की."

"पातळ?"

"तेळ्ळन्न म्हंजे पातळ न्हवं काय. पातळ त्याल घाला म्हणाला त्यो."

मास्तरांनी मधाचा पेला पिशवीत खोल सरकवला. गोपाळरावांच्या डोळ्यांसमोरून वीस वर्षांतले कानडी साक्षीदार एकेक करून जायला लागले. हुक्केरीचा एक म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून कळवळून काहीतरी सांगत होता, आणि ते त्याला 'हौदु, मुंद हेळ' म्हणत होते. तो काय सांगत होता? त्या खटल्यात आपण जिंकलो होतो, पण नक्की कुणाच्या बाजूनं? त्यांनी सुनंदाबाईंकडं पाहिलं. सुनंदाबाईंनी नवऱ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि काहीच टोमणा मारला नाही. हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

भावकूआप्पा मात्र हसले नाहीत. त्यांची नजर आपल्या चाकाकडं होती. ते म्हणाले, "तुमच्याकडं ज्यादा झालंय आणि आमच्याकडं थेंब न्हाय. काढा की थोडं."

गोपाळरावांनी कोट काढला. बसाप्पानं कुठला स्क्रू फिरवला होता तेवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं. ते आडवे झाले आणि स्वतःच खाली शिरले. नाक्याच्या माणसांना आता त्यांचे फक्त पाय दिसत होते. दाट तेल एरंडेलासकट घमेल्यात पडलं. भावकूआप्पांनी ते कण्याला चोपडलं, चाकाला एक गिरका दिला, आणि चाक मुकाट फिरलं.

"हे काय चाललंय?" कारकून धावत आला.

"वंगण," भावकूआप्पा म्हणाले.

कारकुनाचा चेहरा एकदम मोकळा झाला. गाडीच्या वंगणाला जकात माफ होती. असं आधी नाही का सांगायचं, असं कुरकुरत त्यानं बांबू वर केला, आणि त्या एका शब्दासाठी तीन सुशिक्षित माणसं अर्धा तास इंग्रजी-मराठी झिजवत होती याची कुठं नोंद झाली नाही.

मग कासरा मोटारीच्या पुढल्या दांडीला बांधला. पुढं भावकूआप्पांची बैलगाडी, तीत आत्या. मागं मोटार, तीत मामा. गल्लीत शिरताना लोक म्हणाले, व्याही मामाला ओढून आणतोय. ते खोटं नव्हतं. मंगलाष्टकांना भटजींनी घसा खाकरला होता, तेवढ्यात गोपाळराव मांडवात पोचले आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात धोतराला पुसत त्यांनी पद्मजाला हाताला धरलं. तिच्या पिवळ्या अष्टपुत्रीवर चार बोटं उमटली. बायका हळहळल्या. अंबुबाई म्हणाली, "राहू दे ग. तीट लागली."

रात्री जेवणं झाल्यावर गोपाळरावांनी एका तंबाखूच्या वखारीच्या लॉरीवाल्याकडून तेल मागून घेतलं. ते त्यांनी मराठीत मागितलं, मग कानडीत मागितलं, मग पाण्याच्या तांब्यातून धार धरून दाखवली, आणि लॉरीवाला वैतागेपर्यंत, तू काय समजलास ते मला सांग, असं विचारलं. सकाळी जुनं तेल पार काढून नवं घातलं, प्लग पुसले. मग हँडल. आधी मास्तरांनी मारलं, मग वैद्यांनी, मग नवऱ्या मुलाच्या दोस्तांनी पाळीपाळीनं. ऊन चांगलं वर आलं तेव्हा इंजिन एकदा शिंकलं, दोनदा हुंकारलं आणि धडधडायला लागलं. धूर नाही. फुटाणे नाहीत. सगळी गल्ली हादरत होती. मोटारीला आता कुणी हात लावू नये, श्वास सोडू नये, अशा थाटात गोपाळराव चाकामागं बसले. शेजारी सुनंदाबाई, आणि मागं नवरानवरी बसली.

पाठवणीला बायका जमल्या. अंबुबाईनं लेकीच्या ओटीत तांदूळ घातले, तिला जवळ घेतलं, आणि तोंड उघडलं. काही ऐकू येईना. तिनं पुन्हा आवाज काढला. इंजिनाच्या धडधडीत तो कुठल्या कुठं गेला. पद्मजा कानापाशी हात नेऊन, काय म्हणालीस, असं खुणेनं विचारायला लागली. अंबुबाईनं लेकीला सोडलं, पदर सावरला आणि पुढं येऊन भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आण्णा, जरा बंद कर ते."

"का ग?"

"मला रडायचंय."

मास्तरांनी डोळे मिटले. वैद्यांनी मान हलवून नको नको म्हटलं. सकाळपासून आठ माणसांचे दंड ज्याच्यापायी गेले ते इंजिन बंद करायचं, आणि पुन्हा लागेल याला जामीन कोण? बोरगावकडं निघायची वेळ झाली होती, आणि भावकूआप्पांचे बैल जुंपून तयार होते.

गोपाळरावांनी इंजिन बंद केलं.

गल्ली शांत झाली, आणि अंबुबाई रडली. नवरा गेला तेव्हा पोर लहान म्हणून तिला धड रडता आलं नव्हतं. ते, सुपारीच्या दिवशीचं, आणि आजचं, सगळं तिनं लेकीच्या गळ्यात पडून मोकळं केलं. बायकाही रडल्या. भावकूआप्पा उगाच बैलाच्या शिंगावरून हात फिरवत राहिले. कुणी घाई केली नाही. मग अंबुबाईनं डोळे पुसले, लेकीची बटही सारखी केली आणि म्हणाली, "हं. आता लाव."

गोपाळराव खाली उतरले, बाह्या मागं सारल्या, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्यांनी हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फेरीला लागलं. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात. हात हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही.

निपाणीच्या वेशीबाहेर पडल्यावर पद्मजानं मागून वाकून पाहिलं. मामाचे खांदे हलत होते आणि तोंड उघडं होतं. ती जवळ जाऊन काही विचारणार होती, पण सुनंदाबाईंनी तिला खुणेनं थांबवलं. आता रडायची पाळी गोपाळरावांची होती, आणि त्यासाठी इंजिन चालू असलेलंच बरं होतं.